रुग्णवृत्तांताचे वाचन : निदानविचाराच्या शिक्षणाची एक चिकित्सा

१

वैद्यकाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याची रोग्याशी पहिली गाठ बहुधा एका परिच्छेदात पडते. ‘पुरुष, वय ४५, पाच दिवसांपासून ज्वर, दोन दिवसांपासून कावीळ, मूत्राचे प्रमाण कमी, यकृत किंचित वाढलेले’, असा तो परिच्छेद असतो आणि त्याखाली प्रश्न असतो : संभाव्य निदान कोणते? विद्यार्थी विचार करतो, उत्तर देतो. ते बरोबर ठरते किंवा चुकते. या व्यवहारास निदानविचाराचे शिक्षण म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या परिच्छेदाकडे, म्हणजेच रुग्णवृत्तांताकडे, एक गद्यप्रकार म्हणून पाहावयाचे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरणे कोणास अनधिकाराचे वाटेल. परंतु वृत्तांत कोणी सांगितला, कोणत्या क्रमाने सांगितला, त्यातून काय वगळले, आणि सांगणाऱ्यास शेवट आधीच ठाऊक होता की नाही, हे प्रश्न समीक्षेच्या नित्याच्या परिचयाचे आहेत. निदान शिकविण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचे गुणदोष पुष्कळ अंशी याच प्रश्नांवर अवलंबून आहेत, असे आम्हांस वाटते.

वर दिलेला परिच्छेद मुद्दाम रचलेला आहे. पण तसे परिच्छेद कोणत्याही प्रश्नसंग्रहात सापडतील. त्यातून दोन प्रकारचे श्रम नाहीसे झालेले आहेत. पहिला श्रम भाषेचा. ‘मूत्राचे प्रमाण कमी’ हे शब्द रोग्याचे नव्हेत. तो बहुधा असे काही म्हणाला असेल : ‘पाच दिस झाले, अंगात नुसती कसकस हाय. पोटऱ्या अशा ठणकत्यात की उभं राहवत नाही. लघवीलाबी नीट हुईना.’ या बोलण्यातून कोणीतरी निवड केली, निवडलेल्याचे शास्त्रीय भाषेत रूपांतर केले आणि उरलेले टाकून दिले. पोटऱ्यांचे ठणकणे परिच्छेदात आलेले नाही; तापात अंग दुखायचेच, असे मानून लिहिणाऱ्याने ते सोडले. दुसरा श्रम काळाचा. हा रोगी पहिल्या दिवशी नुसत्या तापाने आला होता; कावीळ तेव्हा नव्हती. त्या दिवशी वैद्यासमोर जे अज्ञान होते, त्यातून त्याने काय विचारले, कशाची वाट पाहिली, कोणती शंका मनात ठेवली, याची खूण परिच्छेदात राहिलेली नाही. सगळी लक्षणे एकाच क्षणी, एकाच ओळीत, सारख्या महत्त्वाने उभी आहेत.

निवड आणि प्रतीक्षा हे दोन श्रम म्हणजेच निदानविचाराचा मुख्य भाग होय. रुग्णवृत्तांत ते दोन्ही उरकून मग विद्यार्थ्याच्या हाती येतो. यास्तव, एखादी अध्यापनपद्धती हे श्रम विद्यार्थ्यास कितपत परत देते, हीच तिची कसोटी मानली पाहिजे. या कसोटीवर येथे तीन आदर्श तपासून पाहू.

२

पहिला आदर्श वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा कथावाङ्मयातून अधिक पसरला. एडिंबरो येथील शस्त्रवैद्य जोसेफ बेल (१८३७–१९११) रोग्याकडे नुसते पाहून त्याचा धंदा, गाव आणि आजार सांगत असे. त्याचा विद्यार्थी आर्थर कॉनन डॉईल याने त्या गुणावर शेरलॉक होम्स हे पात्र उभारले. १८८७ मध्ये ते प्रथम वाचकांपुढे आले, आणि १८९२ चा पहिला कथासंग्रह डॉईलने बेललाच अर्पण केला. तेव्हापासून निपुण वैद्य म्हणजे एक प्रकारचा गुप्तहेर ही कल्पना वैद्यकशिक्षणात इतकी रूढ झाली आहे की, आजही निदानाच्या तासाला अध्यापक सहज ‘पुरावा’, ‘धागेदोरे’, ‘संशयित’ हे शब्द वापरतात.

या आदर्शाचे आकर्षण नाकारता येणार नाही. तो निरीक्षणाची गोडी लावतो, आणि नवख्या विद्यार्थ्याला तिचीच प्रथम गरज असते. परंतु गुप्तहेरकथेचा रचनाधर्म असा आहे की, लेखक शेवटापासून आरंभाकडे लिहीत असतो. चिखलाचा डाग कोठला, हे लेखकाने आधी ठरविलेले असते. म्हणून त्या डागाला कथेत एकच अर्थ असतो. रोगलक्षणाचे तसे नसते. तेच लक्षण दहा कारणांनी उद्भवते, आणि त्यांपैकी कोणते येथे लागू पडते हे कोणीही आधी ठरवून ठेवलेले नसते.

कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानातील हा धोका आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वी ओळखला होता. नदीला पूर आलेला पाहून वर कोठेतरी पाऊस पडला असला पाहिजे, हे शेषवत् अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण. न्यायसूत्रांतच त्यावर आक्षेप नोंदविला आहे : पाणी तर खाली कोठे प्रवाह अडल्यानेही वाढेल. यावर भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. केवळ पाणी वाढले एवढ्यावरून कोणी पावसाचे अनुमान करीत नाही, असे तो म्हणतो. प्रवाहाला वेग आला आहे, फेस पुष्कळ आहे, पाने, फळे, लाकडे वाहून येत आहेत, अशा विशेषणांनी युक्त पुरावरूनच ते अनुमान होते. अडलेल्या पाण्याला हा वेग आणि हा फेस नसतो.

निदानशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर होम्सच्या साऱ्या चमत्कृतींहून अधिक उपयोगाचे आहे. ‘सांधा दुखतो’ हा नुसता पूर झाला. ‘एकाच पायाच्या अंगठ्याचा सांधा, मध्यरात्री एकाएकी, लालभडक सूज येऊन दुखू लागला, पूर्वीही दोनदा असे होऊन आपोआप बरे झाले होते’, हा सविशेषण पूर होय, त्यावरून वातरक्ताकडे, म्हणजे ज्यास इंग्रजी वैद्यक गाउट म्हणते त्याकडे, मन वळते. लक्षण एका सांध्यात की अनेकांत, एकाएकी की हळूहळू, सतत की राहून राहून, अशा परस्परविरोधी विशेषणांत रोग्याची तक्रार मांडता येणे हे चांगल्या निदानकर्त्याचे लक्षण आहे, असे जॉर्ज बोर्दाज यांच्या संशोधनानेही दाखविले आहे. होम्सचा आदर्श मात्र विशेषणांचा हा संथ उद्योग विद्यार्थ्यापासून लपवून ठेवतो आणि निष्कर्षाची झेप तेवढी दाखवितो.

३

दुसरा आदर्श अमेरिकेतील बॉस्टनचा. येथील इतिहासात एक गोष्ट लक्षणीय आहे. १९०० मध्ये हार्वर्ड येथे वैद्यक शिकत असलेल्या वॉल्टर कॅनन याने एका नियतकालिकात लेख लिहून अशी सूचना केली की, वैद्यकही कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष प्रकरणांवरून शिकवावे. हार्वर्डच्या कायदा विद्यालयात लँगडेल याने १८७० पासून ही पद्धती सुरू केली होती, आणि कॅननबरोबर राहणारा कायद्याचा विद्यार्थी तिच्यात रंगून गेलेला त्याने पाहिला होता. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या कॅननची ही सूचना विद्यार्थ्याच्या कंटाळ्यातून निघाली होती. रिचर्ड कॅबट याने ती उचलली. १९०६ मध्ये त्याने प्रकरणांवर आधारलेले अध्यापनाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९१० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ती चर्चासभा सुरू केली जी पुढे सर्व जगभर क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स या नावाने रुजली.

या सभेची रचना नाट्यमय आहे. मृत रोग्याचा वृत्तांत एका अनुभवी वैद्याच्या हाती देतात. शवविच्छेदनात काय आढळले हे मात्र त्याला सांगत नाहीत. तो सर्वांसमक्ष मोठ्याने विचार करतो, निदान सांगतो, आणि मग विकृतिशास्त्रज्ञ उठून सत्य काय ते सांगतो. होम्सच्या तुलनेत ही मोठी प्रगती म्हटली पाहिजे. येथे बोलणाऱ्यास शेवट ठाऊक नसतो. थोर वैद्यही चुकतो, आणि तो कोठे चुकला हे विद्यार्थ्याला उघड दिसते. कॅबटच्या मनातील हेतू हाच होता. १९१२ मध्ये त्याने तीन हजार शवविच्छेदनांशी जिवंतपणीच्या निदानांची तुलना करून, कोणते रोग आपल्या हातून सर्रास सुटतात, हे प्रसिद्ध केले. आपल्या व्यवसायाच्या चुका आपणच मोजून चारचौघांत मांडण्याचे धैर्य त्या काळी सुलभ नव्हते, आजही नाही.

तथापि प्रारंभीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रकारात तीन उणिवा राहतात. एक, सभेसाठी निवडलेले रोगी असामान्य असतात. साध्या न्यूमोनियावर कोणी सभा भरवीत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात रोगांच्या वारंवारतेचे विपरीत चित्र उमटते. जे दुर्मिळ तेच बुद्धिमंतांचे, असा समज दृढ होतो. दोन, वृत्तांत संपूर्ण आणि एकदम हाती येतो. कोणती तपासणी करावयाची होती आणि कोणती नाही, हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. म्हणजे आपण वर ज्याला काळाचा श्रम म्हटले, त्यातील शेवटाचे अज्ञान तेवढे परत मिळते. वाटेवरचे मिळत नाही. तीन, रोग्याचे मूळ बोलणे येथे केव्हाच मागे पडलेले असते. सभेतील वक्ता एका लेखाचे वाचन करीत असतो. रोग्याच्या तोंडून तो काहीच ऐकत नाही.

४

येथपर्यंतचे दोन्ही आदर्श एका समान गृहीतावर उभे आहेत : निदानविचार ही एक सर्वसामान्य शक्ती आहे, आणि पाहून किंवा सराव करून ती अंगी बाणवता येते. या गृहीताला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा तडा गेला. १९७८ मध्ये आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सेरा स्प्राफ्का यांनी वैद्यांच्या विचारप्रक्रियेचे आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. नामांकित वैद्यांची काही खास रीत असेल, अशी अपेक्षा होती. तशी रीत आढळली नाही. चांगले आणि सामान्य दोघेही रोगी बोलू लागताच थोड्याच वेळात चारदोन संभाव्य निदाने मनाशी धरतात आणि पुढील प्रश्नांनी ती तपासतात. एवढेच नव्हे, तर एका रोग्याच्या बाबतीत उत्तम विचार करणारा वैद्य दुसऱ्याच्या बाबतीत सामान्य ठरतो. कौशल्य पद्धतीत नसून त्या त्या विषयाच्या ज्ञानात आणि त्या ज्ञानाच्या मांडणीत असते, असा त्याचा इत्यर्थ.

याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका छोट्या पाहणीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. हार्वर्डशी संबंधित रुग्णालयांतील साठ विद्यार्थी व वैद्य यांना विचारण्यात आले : हजारांत एकाला होणारा रोग आहे, चाचणी निरोग्यांपैकी शेकडा पाच जणांनाही चुकून रोगी ठरविते, तर जिचा निष्कर्ष ‘आहे’ असा आला त्या व्यक्तीला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? हजार माणसांत खरा रोगी एक, आणि चुकून पकडलेले सुमारे पन्नास. म्हणजे उत्तर शेकडा दोनच्या आसपास. साठांपैकी अकरा जणांनी ते बरोबर दिले. सर्वांत अधिक मिळालेले उत्तर होते शेकडा पंचाण्णव. यावरून वैद्य गणितात कच्चे असतात, एवढाच निष्कर्ष काढणे अपुरे होईल. रोगी ज्या लोकसमूहातून, ज्या ऋतूत, ज्या गावातून आला तेथे तो रोग मुळात किती आढळतो, हा प्रश्न त्यांना वृत्तांताचा भागच वाटला नाही, हे यातील मर्म आहे.

मग ज्याला अद्याप रोगांचे ज्ञानच नाही, त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला निदानविचार शिकविता येईल काय? येथे चरकसंहितेच्या विमानस्थानातील एक क्रम आठवतो. रोगज्ञानाची तीन साधने तेथे सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. त्यांत आधी आप्तोपदेशाने ज्ञान आणि मग प्रत्यक्ष व अनुमान यांनी परीक्षा, असा क्रम घातला आहे. कारण ज्याला काही सांगितलेच नाही तो काय पाहणार आणि कशावरून काय ताडणार? या साम्यावरून चरकाला आधुनिक मानसशास्त्राचा पूर्वज ठरविण्याचा मोह आम्ही टाळतो. दोघांची शरीराविषयीची कल्पना मुळातच भिन्न आहे. परंतु शिकविण्याच्या क्रमाविषयीचा तो विवेक आजच्या प्रश्नालाही लागू पडतो, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा आदर्श या विवेकाच्या सर्वांत जवळ येतो. नेदरलँड्समध्ये १९९० नंतरच्या काळात वाढलेल्या एका अध्यापनपद्धतीचे सविस्तर विवेचन ओले टेन काटे, यूजीन कुस्टर्स आणि स्टीव्हन डर्निंग यांनी संपादित केलेल्या २०१८ च्या ग्रंथात आढळते. रुग्णालयात पाऊल न टाकलेल्या विद्यार्थ्यांसाठीच ही पद्धती आहे. दहाबारा विद्यार्थ्यांचा गट असतो. आळीपाळीने त्यांच्यातलेच काही जण चर्चा चालवितात, जाणता वैद्य बाजूला बसून गरजेपुरते बोलतो. वृत्तांत टप्प्याटप्प्याने उघडतो. पुढील माहिती मिळण्यापूर्वी आपण काय विचारू आणि का, हे गटाने ठरवावयाचे असते. नवख्याच्या मनात नेहमीच्या रोगांची सुसंगत रोगचित्रे तयार व्हावीत, हा तिचा हेतू. रोगचित्र म्हणजे कोणाला व कोणत्या परिस्थितीत हा रोग होतो, शरीरात नेमके काय बिघडते, आणि त्यामुळे बाहेर काय दिसते, या तिहींची एकत्र गुंफण. ही रोगचित्रे एकेकटी न शिकता शेजारी ठेवून, त्यांतील भेदांसह शिकावयाची असतात.

आपल्या आरंभीच्या परिच्छेदावर हे लावून पाहू. ताप आणि कावीळ. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढे ठाऊक असते की, तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनते, यकृत त्यावर संस्कार करते आणि पित्तमार्गाने ते बाहेर जाते. म्हणजे कावीळ तीन ठिकाणच्या बिघाडाने होऊ शकेल, हे तो कोणतेही रोगनाम न जाणता सांगू शकतो. आता दोन रोगचित्रे शेजारी ठेवावी. विषाणुजन्य यकृतदाहात कावीळ दिसू लागली की ताप बहुधा उतरतो. यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, म्हणून त्यांतील एन्झाइमे रक्तात पुष्कळदा हजाराच्या पुढे जातात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये कावीळ गडद असूनही ती एन्झाइमे तुलनेने बेताचीच वाढतात, कारण पेशींचा नाश हा तेथील मुख्य बिघाड नसतो. ताप टिकून राहतो, मूत्रपिंडे लवकर बिघडतात, डोळ्यांचा पांढरा भाग पू न येता लालबुंद होतो, आणि पोटऱ्यांचे स्नायू दाबले तरी दुखतात. तिसऱ्या बाजूला मलेरिया उभा असतोच. त्यासाठी रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि मग ज्या प्रश्नाला परिच्छेदात जागाच नव्हती तो प्रश्न येतो : हा माणूस गेल्या पंधरवड्यात कोठे होता? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढील आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालणे हे येथे कारण होय. ऑगस्टमधील मुंबईत गुडघाभर पाण्यातून घरी गेलेल्या माणसाचा ताप आणि फेब्रुवारीत कोरड्या पठारावर राहणाऱ्याचा ताप यांची लक्षणे शब्दशः सारखी असली, तरी दोघांविषयी विचार सारखा करता येत नाही. हजारांत एक की शंभरांत एक, हा वर सांगितलेला आकडा अशा प्रश्नांतूनच वैद्याच्या मनात प्रवेश करतो.

५

डच ग्रंथाने काळाचा श्रम विद्यार्थ्याला बराचसा परत केला, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. भाषेच्या श्रमाविषयी मात्र आमचे समाधान झालेले नाही. तेथेही टप्प्याटप्प्याने जे उघडते ते वैद्याने वैद्यकाच्या भाषेत लिहिलेले असते. जेथे रोगी आणि वैद्य एकच भाषा बोलतात तेथे कदाचित हे खपून जाईल. महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. येथील विद्यार्थी इंग्रजीतून शिकतो, रोगी मराठीतून, आणि तीही आपल्या गावच्या मराठीतून, आपले दुखणे सांगतो. आणि या दोहोंमधील भाषांतर कोणत्याही तासाला शिकविले जात नाही.

‘चक्कर’ या एका शब्दाचे उदाहरण पुरे आहे. घर गरगर फिरल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असे होणे, चालताना तोल जाणे, आणि नुसता थकवा, या सर्वांना आपल्याकडे चक्करच म्हणतात. पहिल्याचे मूळ कानाच्या आतील भागात किंवा मेंदूत असू शकते. दुसऱ्याचे हृदयाच्या ठोक्यात, रक्तस्रावात किंवा उतरलेल्या रक्तदाबात. विद्यार्थी जेव्हा ‘चक्कर’ ऐकून इंग्रजीत एक शब्द लिहितो, तेव्हा त्याने निदानाचा अर्धा निर्णय नकळत घेतलेला असतो. तीच गोष्ट ‘छातीत जळजळते’ याची. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागांत पोचतात. म्हणून हृदयविकाराचा झटका आलेला रोगीही कधीकधी जळजळ किंवा ‘गॅस’ एवढेच सांगतो. त्या शब्दाचे ‘आम्लपित्त’ असे भाषांतर एकदा कागदावर उतरले की, पुढे तो कागद वाचणाऱ्या प्रत्येकाला हृदयाचा विसर पडण्याची भीती असते. आणि ‘हातपाय गळाले’ म्हणणाऱ्याला अर्धांग झालेला नसतो, हे मराठी घरात वाढलेल्यास सांगावे लागत नाही. पण आपल्या महाविद्यालयांत परप्रांतांतून आलेले विद्यार्थीही असतात.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. रोग्याचे शब्द इतके मोलाचे मानावे तर ते स्थिर तरी असले पाहिजेत. चक्कर येणाऱ्या रोग्यांना ती कोणत्या प्रकारची, असे काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा विचारले असता पुष्कळांनी आपले उत्तर बदलले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. म्हणून आता शब्दाच्या छटेपेक्षा, ती केव्हा येते, किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, यावर भर द्यावा, असे जाणकार सांगतात. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना त्याने आमचेच म्हणणे बळकट होते. रोग्याचा शब्द हे प्रमाण नव्हे, तो पुढील प्रश्नाचा आरंभ आहे. आणि आरंभ पुसून टाकला तर शब्द डळमळीत होता हेही कळावयाचे नाही. नुसत्या पुराला वेग आहे की नाही, फेस आहे की नाही, हे विचारण्यासाठी आधी पूर पाहिला पाहिजे. चरकाने याच प्रकरणात, वेदना, आवडनिवड, स्वप्ने इत्यादी गोष्टी रोग्याला विचारूनच जाणाव्यात असे सांगून त्यास ‘आतुरपरिप्रश्न’ असे नाव दिले आहे. परिप्रश्न म्हणजे भोवताली फिरून, सर्व बाजूंनी विचारणे.

भारतात २०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रोग्यांशी परिचय घडविण्याची तरतूद करण्यात आली. त्या वेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने आखलेला हा आराखडा. २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र त्या आराखड्यात आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेच्या परिचयाला संगणकाच्या वापराशेजारी, एकाच शीर्षकाखाली, स्थान मिळाले. भाषा ही तेथे एक सोय मानली गेली. ती निदानाची पहिली पायरी आहे, ही जाणीव त्या मांडणीत नाही.

याला उपाय म्हणून एक साधा अभ्यासपाठ सुचवावासा वाटतो. आपल्या क्षेत्रात एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते समोर ठेवून पाठभेद नोंदविण्याची रीत आहे. त्याच रीतीने एका रोग्याच्या वृत्तांताच्या तीन प्रती विद्यार्थ्यापुढे ठेवाव्यात : रोग्याचे त्याच्याच शब्दांत, त्याच्या अनुमतीने आणि ओळख झाकून उतरविलेले निवेदन, निवासी वैद्याने लिहिलेली हिस्टरी, आणि रुग्णालयातून जाताना दिलेला सारांश. कोणत्या प्रतीत काय गळाले, काय नव्याने शिरले, कोणत्या शब्दाच्या जागी कोणता शब्द आला, आणि त्या बदलामुळे कोणती शंका मावळली, हे विद्यार्थ्याने ओळीओळीने नोंदवावे. यासाठी रोगांचे फार ज्ञान लागत नाही. जे लागते ते वर सांगितलेल्या पाचदहा रोगचित्रांपुरते. वेळही फार लागत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या लेखनातील गाळलेले एकदा पाहिले आहे, तो स्वतः लिहिताना हात आखडता घेईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

याचा अर्थ सारांश लिहूच नये असा नव्हे. रात्रीच्या पाळीतील वैद्याला चाळीस रोगी पाहावयाचे असतात. त्याला पाच ओळींचा वृत्तांतच उपयोगी पडतो, आणि तो नीटनेटका लिहिता येणे हेही कौशल्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जो प्रकार कामाच्या अखेरीस निर्माण होतो तो शिक्षणाच्या आरंभी नमुना म्हणून देऊ नये.

६

तात्पर्य, तिन्ही आदर्शांपैकी कोणताही सर्वस्वी टाकाऊ नाही. बेलपासून विद्यार्थ्याने पाहण्याची हौस घ्यावी, पण झेपेचा हव्यास घेऊ नये. कॅबटपासून स्वतःची चूक उघड्यावर तपासण्याचे धैर्य घ्यावे. डच पद्धतीपासून थोड्या नित्याच्या रोगांची चित्रे शेजारी ठेवण्याची आणि पुढचे पान उघडण्यापूर्वी थांबण्याची शिस्त घ्यावी. त्यांत आपल्या परिस्थितीने भर घालावयाची आहे ती रोग्याच्या मूळ शब्दांची.

आरंभीच्या परिच्छेदातील माणसाकडे पुन्हा एकदा वळू. ‘पोटऱ्या ठणकत्यात’ हे त्याचे शब्द कागदावर आले असते, तर त्या कोणीतरी दाबून पाहिल्या असत्या, आणि मग तो कोणत्या पाण्यातून चालत आला हे विचारणे ओघानेच आले असते. लेप्टोस्पायरोसिसवर साधी, सहज मिळणारी प्रतिजैविके आहेत. पण ती लवकर द्यावी लागतात, आणि मूत्रपिंडे बंद पडू लागल्यानंतरचा प्रत्येक दिवस महागात पडतो. वृत्तांतातून गळलेल्या दोन शब्दांची किंमत अशी असू शकते.